वाणाच्या वाट्या

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल, अंधार, विंचू यांचं मला काही वाटत नाही. मला भीती वाटते ती माणसांच्या चेहऱ्यांची. समोरच्याचा चेहरा उतरेल असं काही सांगायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. या एका खोडीपायी मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी गिळल्या. त्यातली एक अजून घशाखाली उतरलेली नाही, आणि ती आहे शेअरची.

त्या काळी शेअर घेणं हे कोट-टोपीवाल्या पुरुषांचं काम होतं, असं माझ्या मुलांना वाटतं. आमच्या घरी पैसे वडील घालायचे, पण कुठल्या कंपनीत घालायचे ते आई सांगायची. आणि आईला ते कळायचं हळदीकुंकवात.

आम्ही अंबरनाथला राहायचो, पश्चिमेला, स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत. वडील एका कारखान्यात हेडक्लार्क होते. त्यांची पहिली सगळी शिल्लक एका लहानशा बँकेत होती, आणि ती बँक एके दिवशी दाराला कुलूप लावून मोकळी झाली. तेव्हापासून ते म्हणायचे, पैसा जिथे डोळ्यांना दिसेल तिथेच ठेवावा. मग ते आजूबाजूच्या कारखान्यांचे थोडे थोडे शेअर घेऊ लागले. रविवारी जेवण झालं की कंपनीचा छापील ताळेबंद घेऊन बसायचे, इंग्रजी आकडे आईला मराठीत समजावून द्यायचे आणि शेवटी कागद बाजूला सारून विचारायचे, "आता तू सांग. कागद काय, कुणालाही रंगवता येतो."

आई सांगायची. साहेबलोकांच्या बायकांचं एकमेकींकडे जाणं-येणं असे. चैत्रात, श्रावणात, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तर रोज कुणा ना कुणाकडे बोलावणं असायचं. तिथे पाच-पन्नास बायका जमत आणि बोलत. अमक्या कारखान्यातल्या फोरमनला रजा मिळत नाही म्हणून त्याच्या बायकोचं माहेरपण हुकलं, म्हणजे तिथे काम तुंबलंय. तमक्या कारखान्याच्या बायका वाण्याकडे उधारीवर सामान घेऊ लागल्या, म्हणजे तिथे पगार रखडतोय. एकदा आईने असं उधारीचं ऐकून वडिलांना एक शेअर विकायला लावला. सगळे हसले. वर्षाच्या आत तो कारखाना बंद पडला आणि हसणाऱ्यांपैकी दोघे आमच्या दारात येऊन डोक्याला हात लावून बसले.

आईच्या लेखी सर्वांत खात्रीची खूण एकच होती. नवरा किती वाजता घरी येतो? कारखान्याला मागणी असली की साहेब दिवेलागण टळून गेल्यावर येतो. वडील उशिरा आले की आई ताटावर कुरकुर करायची, पण तिचा आवाज खुशीत असायचा. ते सूर्य असताना आले की ती गप्प असायची.

मग वडील गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. होते ते शेअर औषधपाण्यात आणि दिवसवारांत विकले गेले. फंडाचे पैसे तेवढे हाती आले, आणि त्या पैशांवर आम्ही दोघींनी पुढचं आयुष्य काढायचं होतं. मी चौदा वर्षांची होते.

वर्षश्राद्धाला गावाहून, चामटोलीहून, काका आले. वडिलांचे धाकटे भाऊ. भातशेती सांभाळून होते. दारात बसून, पानाला चुना लावत, आईकडे न बघता बोलले.

"वयनी, पैशे पेटीन ठेवून काय करणार? नदीकडचा तुकडा इकायला निंगालाय, तो घेऊ. तुमी दोघी आपल्या घरी या. मागची पडवी रिकामीच हाय. पोरीचा मी बगतो."

पोरीचं त्यांनी बघूनच ठेवलं होतं. खरवईला एक बिजवर होता. स्वतःची जमीन, पदरी पहिलीची दोन मुलं. मी आतल्या खोलीत भूगोलाचं पुस्तक उघडून बसले होते आणि नकाशावरची एकही नदी मला दिसत नव्हती. मागच्या पडवीत आई दळणकांडण करत म्हातारी होणार आणि मी खरवईला दुसऱ्या बाईची मुलं सांभाळणार, एवढं मला लख्ख दिसलं.

"विचार करून सांगते, भावजी," आई म्हणाली.

"शिमग्यापातुर सांगा. तुकडा ऱ्हानार नाय," काका म्हणाले आणि उठले.

आईने हिशेब मांडून पाहिला. पोस्टाच्या व्याजात भाडं सुटत होतं, पोट सुटत नव्हतं, आणि माझी शाळा तर हिशेबात बसतच नव्हती. शेअरचा लाभांश बरा यायचा, पण कंपनी बुडाली तर मुद्दलही जायचं. मग चामटोलीची पडवीसुद्धा उपकाराची झाली असती, कारण काकांना हवी होती ती आम्ही नव्हे, जमिनीची किंमत.

माझा मामा आईपेक्षा लहान. मुंबईत फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून होता आणि त्याची एका दलालाच्या माणसाशी ओळख होती. तो रविवारी यायचा आणि आईला शहाणपण शिकवायचा.

"ताई, आमच्याकडे लोक कंपनी बघतच नाहीत. ती चालवणारं घराणं कुठलं ते बघतात. घराणं मोठं असलं की डोळे मिटून घ्यायचं."

"डोळे मिटून लग्न लावतात रे," आई म्हणाली. "पैसे लावायचे तर उघडेच ठेवावे लागतात."

"मग तू डोळ्यांनी बघणार तरी काय, इथे बसून?"

विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावणार? ज्या बायकांची बाळंतपणं तिने केली होती, त्यांच्या मुली बोलावणं करत आमच्या आळीतून जायच्या आणि आमचं दार टाळून पुढे जायच्या. वर्षभर असं चाललं. त्या संक्रांतीला मात्र एक मुलगी दारात थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, "आईने सांगितलंय, तुमच्या मुलीला पाठवा."

ते बोलावणं रुळांपलीकडच्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्यातल्या मॅनेजरच्या घरचं होतं. कारखाना तसा नवा होता, त्याचे शेअर बाजारात आले होते. आईने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाठवते म्हणावं," ती म्हणाली.

मग तांदूळ निवडता निवडता तिने मला तयार केलं. "तोंड बंद ठेवायचं. काही विचारायचं नाही. विचारलं की माणसं सावध होतात. नुसतं ऐकायचं. कुणाची रजा नाकारली, ऐक. नवीन माणसं घेतली म्हणून कुणी खोल्या शोधतंय का, ऐक. कोण केव्हा घरी येतं, ते नीट ऐक. अंगावरच्या दागिन्यांकडे बघत बसू नकोस, दागिने माहेरचेही असतात."

मी होकार दिला खरा. पाढे पाठ करणं निराळं. इथे मी काय ऐकून येते त्यावर आमचं घर उभं राहणार होतं. मी आईला म्हटलं, मला जमणार नाही. ती म्हणाली, "मला जाता आलं असतं तर तुला कशाला पाठवलं असतं?" तिच्या आवाजात राग होता, पण तो माझ्यावर नव्हता.

मॅनेजरच्या बंगल्यात दिवाणखाना बायकांनी भरला होता. कुणी हाताला अत्तर लावत होतं, कुणी गुलाबपाणी शिंपडत होतं. मी भिंतीला पाठ लावून बसले. मॅनेजरची बायको मोठी हसरी होती. एरवी माझ्याएवढ्या मुलींची हातावर तिळगूळ टेकवून बोळवण होते. वाण असतं ते सवाष्णींना. पण तिने मला जवळ बोलावून हातात दोन वाट्या ठेवल्या. एनॅमलच्या, पांढऱ्याशुभ्र, निळ्या काठाच्या. टेबलावर त्यांची रासच होती.

"घे गं, लाजू नकोस. आपल्याच कारखान्याच्या आहेत."

मी परत भिंतीशी येऊन बसले. शेजारी दोघी बोलत होत्या. त्यातली एक याच कारखान्याच्या अकाउंटंटची बायको.

"माझी आता तक्रार नाही बाई," ती म्हणाली. "हल्ली हे उजेडीच घरी येतात. परवा तर मुलांना घेऊन शंकराच्या देवळात जाऊन आले."

ती आनंदाने सांगत होती आणि माझ्या हातातल्या वाट्या गार पडल्या. मी माझ्या आईची मुलगी होते. उजेडी घरी येणं म्हणजे काय, ते मला त्या बाईपेक्षा जास्त कळत होतं.

घरी आले तर आई दारातच उभी होती. तिने आधी वाट्या घेतल्या. उलट्यापालट्या करून पाहिल्या, काठावरून बोट फिरवलं.

"तुला दिल्या? कुमारिकेला? दोन?"

"हो."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांना. अजून रास होती."

आई हसली. वडील गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. खालचा ओठ दाताखाली धरून, थोडीशी लाजून हसायची ती तिची जुनी तऱ्हा. "मिळकत नसली की बाईचा हात पहिल्यांदा वाणाला आखडतो," ती म्हणाली. "शेजारणीच्या पोरीलाही दोन दोन वाट्या देते, म्हणजे त्या घरात ददात नाही. आणि ज्या कारखान्याचा मॅनेजर सुखात, तो कारखाना सुखात. बरं, आणखी काय ऐकलंस?"

तिचा चेहरा माझ्यासमोर होता. माझ्या जिभेवर शब्द आलेले होते. अकाउंटंट उजेडी घरी येतो, एवढंच म्हणायचं होतं.

"आणखी काही नाही," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मामा आला. आईने त्याच्यापुढे वाटीत चहा ठेवला आणि आपला निर्णय सांगितला. तो बराच वेळ वाद घालत राहिला. वाटी बघून शेअर घेणारी बाई त्याने पाहिली नव्हती. पण आई अगदीच भाबडी नव्हती. "निम्मेच घे आता," ती म्हणाली. "निम्मे रथसप्तमी झाल्यावर. तोवर ही आणखी दोन-तीन घरी जाईल, काय ते आणखी कळेल." मामा पैसे घेऊन गेला. चार दिवसांनी त्याचं कार्ड आलं: घेतले.

आता माझ्याकडे बोलावणी येऊ लागली. माझं जाणं बायकांच्या अंगवळणी पडलं होतं. दुसरं घर त्याच कारखान्यातल्या स्टोअरकीपरचं. तिथे हळदीकुंकू लावून झाल्यावर त्याच्या बायकोने माझ्या हातात वाण दिलं. निळ्या काठाच्या पांढऱ्या वाट्या होत्या, या वेळी तीन.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं मला कमी पडल्या. तिने आणखी एक वर ठेवली.

"ने गं, ने. दिवाळीला यांना बोनसऐवजी ह्याच दिल्या. खाटेखाली चळती लागल्यात. विकल्या जात नाहीत म्हणे, लोक आता ॲल्युमिनिअम घेतात." आजूबाजूच्या बायका हसल्या. तीही हसली, पण डोळे हसत नव्हते.

मी घरी येईपर्यंत परकराच्या ओच्यात त्या वाट्या किणकिणत होत्या. ती किणकिण अख्ख्या अंबरनाथला ऐकू जातेय असं मला वाटत होतं. आमच्या जिन्याखाली कोळशाचं पोतं असे. त्याच्यामागे मी त्या सारल्या आणि हात पुसून वर गेले.

"वाण नाही दिलं?" आईने विचारलं.

"नाही. मुलींना कुठे देतात?"

"खरंच की," आई म्हणाली. "मॅनेजरीणबाईच दिलदार."

तिसऱ्या घरीही तेच. त्या वाट्या तर बाद मालातल्या होत्या, पांढऱ्यावर काळे ठिपके आणि एकीच्या काठाचा टवका उडालेला. त्याही पोत्यामागे गेल्या. आता जिन्यावरून जाता-येता माझी नजर तिकडे वळायची. आई कोळसा काढायला उठली की मी धावत जाऊन घमेलं तिच्या हातातून घ्यायची. "पोर कामाला लागली," ती शेजारणीला म्हणाली. मला अन्न गोड लागत नव्हतं. शाळेत फळ्यावरचं दिसत नव्हतं. आईला सांगितलं तर ती विचारणार, पहिल्या दिवशी काही ऐकलं नव्हतंस का? आणि नाही सांगितलं तर रथसप्तमीनंतर उरलेले निम्मेही जाणार. त्यातच काकांनी कुणाच्या तरी हाती वालाच्या शेंगा पाठवल्या आणि निरोप पाठवला की खरवईची मंडळी शिमग्याच्या आधी मुलगी बघायला येतील. आईने शेंगा ठेवून घेतल्या. निरोपाला उत्तर दिलं नाही. पण रात्रीच्या आमटीत मीठ घालायचं विसरली, आणि माझी आई मीठ कधी विसरत नसे.

मला अजूनही आशा होती की स्टोअरकीपरच्या बायकोला काही कळत नसेल. म्हणून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, वह्या आणायच्या निमित्ताने मी उल्हासनगरला कँपातल्या बाजारात गेले. एकटी, पायी. तिथे आमच्या बायका कधीमधी कापड घ्यायला जात, भांडीही तिथे स्वस्त मिळत. सगळी दुकानं सिंध्यांची. काल-परवा आपलं घरदार सोडून आलेली माणसं, पण दुकान असं मांडत की जणू सात पिढ्या तिथेच बसली आहेत. एका भांडेवाल्याकडे फळीवर निळ्या काठाच्या वाट्या दिसल्या. त्यांच्यावर धूळ होती.

"कितने को?" मी विचारलं.

दुकानदार म्हातारा होता. त्याने माझ्याकडे, मग वाट्यांकडे पाहिलं. "तू कितना देगी, बेटी?"

मला काही सुचेना. मी गप्प राहिले तर त्याने स्वतःच भाव निम्म्यावर आणला. मी तरी गप्पच. "अच्छा, चार के दाम में दर्जन ले जा," तो म्हणाला. "दिवाली से पड़े हैं. कंपनी का आदमी रोज आता है, और रखो, और रखो. मैं कहाँ रखूँ? अपने सिर पे?"

"अच्छे तो हैं," मी म्हटलं. माझा आवाज रडवेला झाला होता.

"दिखने में अच्छे हैं. एक बार गिरा, टवका गया, अंदर से जंग. औरत एक बार ले जाती है, दुबारा नहीं आती." त्याने बाजूची ॲल्युमिनिअमची पातेली बोटाने वाजवली. "इसमें शकल नहीं है. मगर इसकी गिराइक तीसरी बार आती है. मैं जब यहाँ आया, पास में कुछ नहीं था. गलत माल रखता तो भूखा मरता. मैं एक ही चीज देखता हूँ, औरत दुबारा आई कि नहीं."

मी वह्या न घेताच परत निघाले. रस्ता सरळ होता, तरी दोनदा चुकले. वडील ताळेबंद वाचायचे, मामा घराणी सांगायचा, आई वाण बघायची. आणि या म्हाताऱ्याने एका वाक्यात सगळं सांगून टाकलं होतं. मला त्याचा राग आला. त्याने खोटं बोलायला हवं होतं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रथसप्तमी होऊन गेली होती. मामा आला, चहा झाला, आणि आईने पेटीतून पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. मामाने ते उचललं. मला अजून आठवतं, त्याने ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि वरून थोपटलं.

तेव्हा मी उठले. खाली गेले, पोत्यामागून वाट्या काढल्या, कोळशाने माखलेल्या तशाच ओच्यात घेतल्या आणि वर येऊन दोघांच्या मध्ये जमिनीवर ओतल्या. एक घरंगळत चुलीपर्यंत गेली.

"या कुठल्या?" आईने विचारलं.

मी सांगितलं. स्टोअरकीपरची बायको, बोनस, खाटेखालच्या चळती, कँपातला म्हातारा. सगळं भरभर, खाली मान घालून. मामाने खिशातून पाकीट काढलं आणि हळूच पाटावर ठेवलं. आईने टवका उडालेली वाटी उचलली. त्या काळ्या जागेवर ती अंगठा फिरवत राहिली.

"पहिल्या दिवशी," ती म्हणाली, "मॅनेजरकडे. तिथे काही ऐकलं होतंस का? लवकर घरी येतात, असं काही?"

तिने नेमकं तेच विचारलं. एवढं सगळं सांगून झालं होतं. एवढंच उरलं होतं. मी मान वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू माझ्या उत्तरावर तिचा पुढचा श्वास अवलंबून आहे.

"नाही," मी म्हटलं.

आईने श्वास सोडला. "मग चूक माझीच," ती म्हणाली. "तू तर ऐकलंस ते सगळं सांगितलंस. मीच वाटीला भुलले."

मामाने पहिले शेअर विकायला काढले, पण घेणारा मिळेना. दोन वर्षांनी कारखान्याची भट्टी थंड झाली आणि ते कागद पेटीच्या तळाशी गेले. उरलेले निम्मे मात्र वाचले. आईने काकांना कळवलं की आम्ही येत नाही. खरवईच्या मंडळींनी दुसरी मुलगी पाहिली. आई कारखान्यातल्या चार एकट्या माणसांना पोळीभाजी करून देऊ लागली. बोटं भाजायची, पाठ धरायची, पण माझी शाळा सुटली नाही. निम्मे गेले नसते तर तिला त्या पोळ्या लाटाव्या लागल्या नसत्या, हे मला रोज ताटावर बसताना ठाऊक असायचं.

त्या उरलेल्या पैशांतून तिने पुढे पुन्हा शेअर घेतले. सिंध्याचं वाक्य तिने धरून ठेवलं होतं. भाजी घ्यायला गेली की वाण्याच्या दुकानाशी रेंगाळायची आणि बायका काय पुन्हा पुन्हा मागतात ते बघायची. बाजारात उभं राहायला कुणाचं बोलावणं लागत नव्हतं. असंच बघून तिने धुण्याच्या साबणाच्या एका कंपनीचे शेअर घेतले, आणि ते चांगले निघाले. माझं लग्न त्यातूनच झालं.

पण एक गोष्ट तिने कायमची सोडली, ती म्हणजे स्वतःवरचा विश्वास. काहीही घ्यायचं झालं की आधी मला विचारायची. मी सासरी गेल्यावर पत्र टाकून विचारायची. "माझे डोळे फसतात. तुझे कान खरे. तू काय ऐकलंस ते कळव." आल्यागेल्याला ती गोष्ट रंगवून सांगायची, "मी कशी वाट्यांना भुलले आणि माझ्या पोरीने मला कसं वाचवलं." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि मी चहा टाकायला आत जायची. ज्या कानांनी तिला बुडवलं त्यांच्याच भरवशावर ती पुढची तीस वर्षं जगली, आणि ती तीस वर्षं तिचं पत्र आलं की मी ते दोन-दोन दिवस उघडायची नाही.

तिच्या म्हातारपणी ती माझ्याकडेच होती. एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. तिची बोटं थांबली.

"त्या वर्षी तू फार भ्यायली होतीस ना गं?" ती म्हणाली. "मला दिसायचं. कोळशाला हात लावू द्यायची नाहीस."

"हो," मी म्हटलं.

"कशाला एवढी भ्यायलीस?"

सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. घरात कुणी नव्हतं, पैशांचा प्रश्न कधीच मिटला होता, आणि ती रागावणार नव्हती हे मला कळत होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"खरवईला," मी म्हटलं.

"मीसुद्धा," ती म्हणाली, आणि तिने पुढची शेंग उचलली.